गोठ्यातला कापूस : एका घरगुती कलाकृतीचे वाचन

ज्या कलाकृतीविषयी येथे लिहावयाचे आहे ती कोणत्याही दालनात मांडलेली नाही. ती एका फ्रीजच्या माथ्यावर असते, आणि तीही वर्षातून जेमतेम पाच-सहा आठवडे. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर नांदगाव पेठ लागते. तेथील औद्योगिक वसाहतीतल्या कापडगिरणीत पाळीने काम करणाऱ्या एका कॅथॉलिक कामगाराचे हे दोन खोल्यांचे घर. त्याची पत्नी घरी ब्लाउज शिवते. तिचे वय तिशीच्या आत. थोरला मुलगा सहा वर्षांचा, धाकटी अडीच वर्षांची. तिचे नाव येथे देत नाही. नाव छापून यावे अशी तिची इच्छाही नाही. नाताळचा गोठा या घरात तीच मांडते. वऱ्हाडात जनावरांच्या निवाऱ्याला 'कोठा' म्हणतात, आणि तीही कोठाच म्हणते. आपण छापील निमंत्रणांतून 'ख्रिस्तजन्माचा देखावा' असे लिहितो. देखावा पाहण्यासाठी असतो, कोठा राहण्यासाठी. हा फरक केवळ बोलीचा नाही, हे पुढे दिसेल.

प्रथम मांडणी पाहू. मागे पडदा आहे तो गिरणीतून स्वस्तात मिळालेल्या 'सेकंड' कापडाचा. छपाईत रंग सरकल्यामुळे बाद झालेला हा तुकडा. त्यावरील प्रत्येक फुलाला शेजारी एक फिकट जुळे फूल आहे. मरिया आणि योसेफ यांच्या प्लॅस्टरच्या मूर्ती वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेल्या. त्यामुळे योसेफ मरियेच्या खांद्याशी येतो. मरियेच्या निळ्या झग्यावरून, कुणा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजपीसमधून उरलेल्या जांभळ्या चिंधीचा पदर घेतला आहे. तिच्या मस्तकामागे उभी केलेली स्टीलची ताटली प्रभामंडलाचे काम करते. गाढव नाही, ते मागील वर्षी फुटले. बैल आहे, पण तो लाकडी आणि चाकांचा, तान्ह्या पोळ्याला पोरे दोरीने ओढीत नेतात तसला. आणि या सर्वांच्या खाली व भोवती कापूस. तो औषधाच्या दुकानातील निळ्या कागदात गुंडाळलेला शुभ्र कापूस नव्हे. शेतातून वेचून आणलेला, सरकीसकट, जागोजागी वाळक्या पानांचा कचरा अडकलेला असा तो कापूस आहे.

अशा मांडणीकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली, मंद स्मित करून पुढे जाणे. ज्याने चांगली चित्रे पाहिली आहेत, किमान त्यांच्या छापील प्रती पाहिल्या आहेत, त्याला हा सारा प्रकार हीन अभिरुचीचा वाटतो आणि तो सौजन्याने मुलांची चौकशी करू लागतो. दुसरी रीत अधिक गंभीर आहे आणि ती गेल्या अर्धशतकात आपल्या विचारवंत मंडळींनी घडविली. श्रद्धेचे रूप या मातीतले हवे, असे ती सांगते. या दृष्टीला कापूस दिसताच ती अस्वस्थ होते : वऱ्हाडात बर्फ कुठला? नाताळच्या दिवसांत येथे शेतात तूर उभी असते, कापसाची वेचणी चाललेली असते. दुपारचे ऊन्ह अंगावर घ्यावेसे वाटण्याइतकीच थंडी पडते. मग युरोपातील भेटकार्डांवरचे हिम येथील फ्रीजवर का पडावे? प्रश्न रास्त आहे. थर्माकोलच्या चुऱ्याचे हिमवर्षाव आपल्या चर्चमधून आपण वर्षानुवर्षे पाहिले. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली नसती तर अजूनही पाहत राहिलो असतो. त्या हिमाविषयी जी टीका झाली ती योग्यच होती.

पण या घरातील कापूस हा बर्फ नाही. तो बिछाना आहे.

आगमनकाळात मुलांकडून चांगली कृत्ये करवून घ्यावीत आणि प्रत्येक कृत्यामागे रिकाम्या गव्हाणीत गवताची एक काडी ठेवावी, म्हणजे नाताळच्या रात्रीपर्यंत बाळ येशूसाठी शय्या तयार होते, ही चाल अनेक देशांतील कॅथॉलिक घरांत आहे. आपल्याकडेही धर्मभगिनींच्या शाळांतून ती काही ठिकाणी पोचली. या गृहिणीने काडीच्या जागी कापसाचे बोंड आणले. कारण विचारले तर ती सांगते की गवत टोचते; थोरला तान्हा असताना चटईच्या काड्यांनी त्याच्या पाठीवर पुरळ उठले होते. कापूस माहेरच्या शेतातला, दुलईसाठी आणलेल्या पोत्यातला. मुलाने बहिणीला खेळणे दिले की एक बोंड, न सांगता दप्तर आवरले की एक बोंड. एका वर्षी मुलाने एकदम मूठभर कापूस कोंबला तेव्हा आईने तो मोजून परत काढविला, आणि त्या हिशेबावरून घरात अर्धा दिवस रडारड झाली. म्हणून गव्हाणीतला कापूस कुठे दाट, कुठे विरळ असतो; जे वर्ष भांडणाचे ते विरळ. चोवीस डिसेंबरच्या रात्री मूर्ती ठेवायची ती त्या वर्षी जेवढी जमली असेल तेवढ्या मऊपणावर. उरलेला कापूस भोवती पसरतात, आणि पाहणाऱ्याला तोच बर्फ वाटतो.

रूपाचा अर्थ रूपावरून ठरत नाही; ते ज्या व्यवहारातून जन्मले त्यावरून ठरतो, हे साहित्यसमीक्षेत आपण मान्य केलेले तत्त्व आहे. ओवी दळणाच्या जात्यावरची की ग्रंथातली, हे कळल्यावाचून तिची लय नीट ऐकू येत नाही. घराच्या सजावटीला मात्र हा न्याय आपण लावीत नाही. तेथे डोळ्यांना जे दिसते तेवढ्यावर निकाल देऊन मोकळे होतो. कापूस आणि हिम यांचा रंग एक, म्हणून अर्थही एक, असे म्हणणारा रसिक सरकीचे काळे ठिपके पाहत नाही. ते पाहिले असते तर त्याला निदान शंका यावयास हवी होती. ज्याला बर्फच दाखवावयाचा आहे तो सरकी काढून टाकील.

बैलाची कथा जरा वेगळी, कारण त्याच्यावरून घरातच वाद झाला. पोळा श्रावण अमावास्येला; तीच पिठोरी, लेकरांसाठी आयांनी करावयाच्या व्रताची अमावास्या. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. विदर्भात त्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि खाऊ मिळवितात. आळीतली सारी मुले जातात म्हणून हाही गेला, आणि बैल घरात आला. तो ख्रिस्तजन्माच्या गोठ्यात उभा राहिलेला पाहून सासूबाईंना रुचले नाही. त्यांच्या मते तो नंदी होता आणि त्याची जागा इथे नव्हती. सुनेचे उत्तर वऱ्हाडी पद्धतीचे, म्हणजे अर्धे थट्टेचे : "चाकं हायेत तं काय झालं, मिसरले पयून जाताना कामी येतीन." पळून जाण्याचा उल्लेख मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातला आहे, आणि तो तिच्या जिभेवर इतका सहज यावा याचे मला कौतुक वाटले. पण सासूबाईंचा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आपल्या अल्पसंख्य समाजात अशा लहान वस्तूंवरूनच आपण कोण, हे ठरत आले आहे. कुंकू, मंगळसूत्र, दारापुढची रांगोळी, दिवाळीचा कंदील : प्रत्येक वस्तूवर केव्हा ना केव्हा असा वाद झालेला आहे, आणि तो करणारी माणसे श्रद्धेविषयी उदासीन नव्हती.

तेव्हा या बैलाचा विचार गांभीर्यानेच करू. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे. बैल नाही, गाढवही नाही. ती दोन्ही जनावरे गोठ्यात आली ती यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून : बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढवाला मालकाची गव्हाणी ठाऊक असते, पण माझ्या लोकांना मात्र कळत नाही, अशा अर्थाचे ते वचन आहे. प्राचीन काळच्या ख्रिस्ती भाष्यकारांनी ते येशूजन्माशी जोडले, आणि १२२३ साली संत फ्रान्सिसने ग्रेच्चो येथे गोठ्याचा प्रसंग उभा केला तेव्हा खरा बैल आणि खरे गाढव आणले. म्हणजे गोठ्यातला बैल हा पहिल्यापासूनच शुभवर्तमानाबाहेरून आलेला पाहुणा आहे. नेपल्सच्या कारागिरांनी पुढे त्याच गोठ्यात मासळीवाले आणि खानावळवाले आणून बसविले. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची दारे बंद झाली तेव्हा प्रोव्हान्समधील कुटुंबांनी मातीच्या चिमुकल्या मूर्ती करून गोठा घरात नेला, आणि त्यांत गावचा पिठवाला, कात्रीवाला असे सारे आले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेच्चो येथेच गोठ्याविषयीच्या प्रेषितीय पत्रावर स्वाक्षरी केली. शुभवर्तमानाशी वरकरणी संबंध नसलेल्या मूर्ती मुले आणि मोठी माणसे गोठ्यात ठेवतात याची त्यांनी त्यात आवर्जून दखल घेतली आहे, आणि नित्याच्या कामांतील पावित्र्याशी त्या मूर्तींचा संबंध जोडला आहे. आपला धनी ओळखणारा बैल वऱ्हाडातल्या पोराच्या डोळ्यांपुढे कोणता येणार? ज्याला त्याने स्वतः झूल घालून दारोदार ओढला, तोच.

ताटलीविषयी थोडक्यात. लग्नात आहेर आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरण्याची आपली रीत. दिव्यांची माळ लागली की मरियेच्या मस्तकाभोवती 'सप्रेम भेट' ही अक्षरे उजळतात. हसू येते खरे. पण पंधराव्या शतकातील इटालियन चित्रकार मरियेच्या प्रभामंडलात देवदूताच्या नमस्काराची लॅटिन अक्षरे कोरीत, हे आठवले की हसू जरा थांबते. देवदूताचे आणि आहेर देणाऱ्या आत्याचे म्हणणे अगदीच वेगळे नाही.

येथे एका थोर चित्रकाराचे नाव घेणे भाग आहे, कारण मातीतल्या मरियेचा प्रश्न त्यांच्याइतका सोसून कुणी मांडला नाही. आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) हे गोव्यातील सांतइस्तेवचे. वैद्यकाचे शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, तेथील पाश्चात्त्य वळण न मानवल्याने शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. गोव्यात परतून त्यांनी साडीतली मरिया रंगविली तेव्हा त्यांच्या वाट्याला कौतुकाऐवजी रोष आला. मग पुण्याचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम हे त्यांचे आश्रयस्थान झाले. पुढे त्यांच्या पत्नी आयव्ही याच त्यांच्या मरियेसाठी समोर बसल्या. म्हणजे या चित्रांमागेही एक घर आहे, एक तरुण स्त्री आहे. त्यांच्या मृत्यूनंतर आयव्ही यांनी ती चित्रे सांभाळली आणि मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेकडे सोपविला.

फोन्सेकांची मरिया पाहताना मन शांत होते. जलरंगातील मातकट, हळदी, गेरूचे थर. पदराची एकच वाहती रेषा. खाली वळलेले डोळे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराणा'त ओवीला जे करावयास लावले तेच फोन्सेकांनी रेषेला लावले, असे म्हणता येईल : येथील रूपात तेथील कथा निःसंकोच नांदू लागली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला. ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तोवर फोन्सेकांची उमेदीची वर्षे सरली होती आणि आयुष्याची चारच वर्षे उरली होती.

इतके मानूनही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. फोन्सेकांच्या मरियेला घाई नसते. तिचे मूल रडत नाही, चुलीवर काही करपत नाही, नवऱ्याची रात्रपाळी नाही. ती साडी नेसली आहे, पण ती साडी खोचलेली नाही. भारतीय होताना ती ध्यानस्थ झाली. संसारी झाली नाही. हा त्या चित्रांचा दोष म्हणता येणार नाही. अजिंठ्याच्या आणि बंगाली कलासंप्रदायाच्या वाटेने जाणाऱ्या रेषेचा तो स्वभावच आहे. पण नंतरच्या पिढीतील आपल्या लोकांनी या शांततेलाच भारतीयत्वाचे एकमेव लक्षण मानले आणि त्याच मापाने घरे मोजू लागले. परिषदेच्या त्याच दस्तऐवजात भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्य शोधावे असे एक वाक्य आहे. ते सांगितले आहे धर्माध्यक्षांना, पवित्र कलेला उत्तेजन देण्याच्या संदर्भात. आपण ते दोन खोल्यांच्या घरातील बाईला ऐकवीत आलो. आधी प्लॅस्टरच्या गोऱ्या मूर्ती आपणच दिल्या, मग त्या ठेवल्याबद्दल तिलाच नावे ठेवली. जांभळ्या चिंधीचा पदर ही त्यावरची तिची समीक्षा आहे, आणि ती मला पुष्कळ लेखांपेक्षा नेमकी वाटते. तिने मूर्ती फेकली नाही, बदललीही नाही. तिला घरच्यासारखे नेसविले. चिंधी जांभळीच का, असे कुणी विचारील. जांभळा हा आगमनकाळाचा रंग. तिने तो त्यासाठी निवडला की चिंधी तेवढीच मोठी होती, हे विचारण्याचे मी टाळले.

संसारातूनच श्रद्धेचे चित्र काढणारी स्त्री मराठी साहित्याला अपरिचित नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला. पतीचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांचा स्वतःचा १९००चा. मधल्या पाच वर्षांत त्या तरुण आईच्या मनात काय झाले हे सांगताना त्या धर्मशास्त्राची भाषा वापरीत नाहीत. पाणी कुणाच्या हातचे, भांडे कुणाचे, पोराला सांभाळायचे कुणी, यांतून ते कळत जाते. सोवळ्याने पछाडलेल्या वडिलांचे घर आरंभीच दाखविल्यामुळे पुढे एकेका वस्तूला स्पर्श करण्याला अर्थ येतो. आपल्या समीक्षेने लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे आणि साधेपणाचे कौतुक फार केले. पण घरातल्या वस्तूंच्या मांडणीतून त्या विचार करतात, हे पुरेसे सांगितले गेले नाही. त्या प्रॉटेस्टंट घरातल्या, म्हणून मूर्तींचा प्रश्न त्यांच्यापुढे आला नाही, एवढाच फरक. नांदगावच्या या गृहिणीने 'स्मृतिचित्रे' वाचलेली नाहीत. शाळेत एक उतारा होता असे तिला अंधूक आठवते.

आता दोष. दिव्यांची माळ आठ तऱ्हांनी उघडझाप करते आणि तीमुळे डोळा कुठेच ठरत नाही; ताटलीवरची अक्षरे वाचावयाची तर माळ स्थिर करावी लागते, आणि तसे करण्याला मुलांचा विरोध असतो. वरून सोडलेल्या प्लॅस्टिकच्या द्राक्षवेलीचे समर्थन करता येत नाही. द्राक्षांचा प्रभुभोजनाशी असलेला संबंध मी मनात जोडून पाहिला, पण ती वेल एका जोड्याच्या दुकानाच्या उद्घाटनातून आलेली आहे आणि तशीच दिसते. मागच्या पडद्यावरची दुहेरी फुले सुंदर आहेत, त्यांच्यापुढे वेल नको होती. पादुआच्या संत आंतोनची तसबीर एरवी तेथेच असते म्हणून तीही कोपऱ्यात राहते, आणि संत बिचारे कापसात कमरेपर्यंत रुतलेले दिसतात. गर्दी हा या मांडणीचा मुख्य दोष आहे. त्याचे कारणही घरातच आहे : काहीही काढून ठेवावयाला दुसरी जागा नाही.

जागेचा मुद्दा तिच्या सगळ्याच आवडीनिवडींना लागू पडतो. तिच्या घरात फ्रीजच्या मुठीला क्रोशाची टोपी आहे, शिलाईयंत्राच्या झाकणावर धाकटीच्या पायाच्या रंगीत ठशांचे कापड आहे, आणि एक भिंत पोपटी, दुसरी गर्द निळी, कारण दोन्ही रंग उरलेल्या डब्यांतले. पाहुणे याला तऱ्हेवाईकपणा म्हणतात. पण मूठ थंडीत झटका देते म्हणून टोपी, यंत्राला धाकटीने हात लावू नये म्हणून तिच्याच पायांचे कापड, म्हणजे ती त्यावरच खेळते आणि सुईकडे जात नाही. गोठा उंचावर, तर तो धाकटीच्या हाताबाहेर आणि थोरल्याच्या हाताच्या टोकाशी असावा म्हणून. खुर्चीवर चढून बोंड ठेवण्याचा अधिकार त्याचा. पतीची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात तो दिवसा झोपतो, तेव्हा मांडामांड रात्री अकरानंतर होते. येथे आवड आणि गरज यांच्यात रेघ ओढता येत नाही. तशी ती ओढता येते असे आपली सौंदर्यमीमांसा पुष्कळ काळ मानीत आली. तिला मोठे घर गृहीत धरण्याची सवय असावी.

याला 'लोककला' म्हणून गौरविण्याची घाईही मला करावयाची नाही. तो शब्द हल्ली फार सहज मिळतो, आणि मिळाला की कर्त्याचे नाव आणि विचार दोन्ही पुसून जातात. ही परंपरेने आलेली मांडणी नव्हे. तिच्या आईच्या घरी गोठा नव्हता, फक्त पवित्र हृदयाची तसबीर होती आणि तिच्यापुढे तांबडा दिवा. एका विशिष्ट बाईने, विशिष्ट मुलांसाठी, दर वर्षी काही बदलत, काही चुकत हे घडविले आहे. दोन वर्षांपूर्वी योसेफ मरियेच्या उजवीकडे होता. तो आता दाराच्या बाजूला उभा आहे. रात्रपाळीवरून कोणी येणार असेल तर त्याने आधी योसेफाला पाहावे, असे तिचे म्हणणे. उंचीने लहान असलेला योसेफ दाराशी राखणदारासारखा उभा केल्यावर त्याचे लहानपण नजरेतून जाते, ही गोष्ट तिला कुणी शिकविली नव्हती.

प्रकटीकरणाच्या सणानंतर गोठा उतरतो. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून शिलाईयंत्राखालच्या खोक्यात जातात, ताटली स्वयंपाकघरात परत येते. गव्हाणीतला कापूस ती सरकी काढून, हाताने पिंजून एका उशीच्या अभ्र्यात भरते. भोवती पसरलेला पोत्यात परत जातो. तीन नाताळांची बोंडे आता त्या उशीत आहेत. अजून ती पुरती भरलेली नाही, मधे खळगा पडतो. धाकटी तीच घेऊन झोपते. बैल थोरल्याच्या खेळण्यांत जातो आणि पोळ्यापर्यंत तेथेच असतो. त्याचे मागचे डावे चाक यंदा निखळले आहे, ते बसविण्याचे काम तिने नवऱ्याकडे दिले आहे.